अव्वांनी पाहिलेला माणूस

उदगीर
२९ जानेवारी २०१९

विरूपाक्ष,

शरणार्थ.

साडेतीन वर्षांनी तुझा मजकूर आला. तोही मोबाइलवर, तोही एका ओळीचा. 'सतरा तारखेला तू नांदेडच्या विमानतळावर होतास का, एवढंच कळव.' अशा प्रश्नाला अंगठ्याने उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला आहे.

सतरा तारखेला इथे घागर मोर्चा होता. तू दिल्लीत, तुला बातमीही लागली नसेल. इथे बाविसाव्या दिवशी नळाला पाणी येतं, तेही पाऊण तास. तालुका दुष्काळी म्हणून जाहीर झाला, पण टँकरच्या कागदावर सही करणारा साहेब बसतो लातूरला. ज्या गावाला एका सहीसाठी पासष्ट किलोमीटर जावं लागतं, त्या गावाची तहान सरकारला दिसणार कशी? म्हणून पाणी आणि उदगीर जिल्हा या दोन मागण्या आम्ही वेगळ्या मानत नाही. तीन हजार बाया रिकाम्या घागरी घेऊन तहसीलवर गेल्या. माझं भाषण झालं. आमच्या कृती समितीच्या शेषेरावला विचार, मोंढ्यातल्या कोणत्याही हमालाला विचार. माझा आवाज किल्ल्याच्या बुरुजापर्यंत ऐकू गेला म्हणतात. एवढं सांगितल्यावर तुझ्या प्रश्नाला वेगळं उत्तर देण्याची गरज राहत नाही.

तुझ्या आईचं, अव्वांचं म्हणणं माझ्याही कानावर आलं आहे. तुझ्या नातवाच्या लिंगधारणेला, त्याच्या गळ्यात लिंग बांधायच्या विधीला, त्या दिल्लीला निघाल्या होत्या आणि नांदेडला त्यांचं विमान चुकलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढचं विमान तीन दिवसांनी होतं, म्हणजे विधी झाल्यावर. त्या धक्क्यातून त्या सावरल्या नाहीत असं दिसतं. गल्लीत भेटेल त्याला सांगतात, "रेवण्या माझ्या म्होरं उभा होता. गळ्यातलं लिंग काढला आन् बुटाच्या बाजूला ठेवला." लोक हसतात. ज्या गावाने मला चाळीस वर्षं व्यासपीठावर पाहिलं आहे, त्या गावाला हे खरं वाटणं शक्य नाही. मी स्वतः त्यांच्यावर रागावलो नाही, हे तुला मुद्दाम कळवतो.

ब्याऐंशी वर्षांचं वय आहे. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. या वयात मन आपल्याला ओळखीचं माणूस परक्या जागी उभं करून दाखवतं. माझं ऐकशील तर तुझ्या चुलतभावाला, मन्मथला सांग आणि अव्वांना लातूरला डोक्याच्या चांगल्या डॉक्टरांना दाखव. यात लाजण्यासारखं काही नाही. एवढ्या मोठ्या घरात त्यांनी एकटं राहणं आता बरं नव्हे.

तुझा
रेवणप्पा


उदगीर
९ फेब्रुवारी २०१९

विरूपाक्ष,

मागचं पत्र फाडून टाक.

तुझं उत्तर मिळालं. 'तू नव्हतास म्हणतोस तर प्रश्न मिटला. मन्मथ तिला लातूरला नेईल. घर बंद करून मार्चमध्ये इकडे आणतो.' तुझा निरोप मी तुझ्या वहिनीला, उमादेवीला मोठ्याने वाचून दाखवला. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाषण करून गाव हलवून राहिलाव, आन् दोन अक्षरं खरी लिहायला हात उठंना व्हय तुमचा?"

मी नांदेडला होतो.

मोर्चात वाजला तो माझा आवाजच होता. मी नव्हतो. आदल्या दिवशी मागच्या खोलीत दार लावून मी वीस मिनिटांचं भाषण मोबाइलवर बोललो आणि शेषेरावला पाठवलं. ताप आहे, अंथरुणातून बोलतो आहे, घरी कुणी येऊ नका, असं कळवलं. त्यांनी ते कर्ण्यावर लावलं. गर्दीला व्यासपीठ दिसत नव्हतं. पुढच्यांना ठाऊक होतं, मागच्यांना वाटलं मी बोलतोय. आठ दिवसांत पुढच्यांनाही तसंच वाटू लागलं. आज गावात शपथेवर सांगणारी माणसं आहेत, की मी पांढऱ्या सदऱ्यात उभा होतो आणि बोलताना मला खोकला आला होता. खोकला आला होता हे खरं आहे. मागच्या खोलीत धूळ फार.

मी कुठे निघालो होतो ते तुला सोडून या गावात कुणाला सांगितलं तरी कळणार नाही. दिल्लीला टपाल-संग्राहकांचं संमेलन होतं. तीन दिवसांचं, देशभरातले लोक. दहावीत असताना आपण दोघं मोंढ्यातल्या रद्दीतून जुनी पोस्टकार्डं वेचायचो, तिकिटं टाकून देऊन फक्त शिक्के जपायचो, ते सगळं मी एका चौकटीत लावलं होतं. उदगीरचा शिक्का निजामाच्या काळात जिल्हा बीदर म्हणतो. छप्पन्ननंतर जिल्हा उस्मानाबाद. ब्याऐंशीत लातूर नवा जिल्हा झाला तेव्हापासून जिल्हा लातूर. गाव जागचं हललं नाही आणि तीन जिल्हे फिरून आलं. सोळा पानांची चौकट असते. पंधरा पानं शिक्क्यांनी भरली. सोळावं पान मी कोरं ठेवलं, येणाऱ्या उदगीर जिल्ह्यासाठी. मला ते फार मोठं वाटलं होतं.

त्यातली निम्मी कार्डं तुझी. चौकटीवर नाव फक्त माझं होतं.

विमानाने यासाठी गेलो की रेल्वेने गेलो असतो तर स्टेशनवर दहा जणांनी अडवलं असतं. 'अण्णा, मोर्चा सोडून कुठं?' नांदेडच्या विमानतळावर मला कोण ओळखणार, असा हिशेब होता. पहाटे जीप केली. मुखेडच्या पुढे चाक बसलं. जीपवाला चाक बदलत होता आणि शेजारून रिकामे टँकर विहिरीकडे चालले होते, तेव्हा मी तोंडाला मफलर गुंडाळून बाभळीकडे पाहत उभा राहिलो. विमान साडेनऊचं. धावत पोचलो तर दिल्लीत धुकं, विमान दिल्लीहूनच निघालेलं नाही. आधी अकरा सांगितलं, मग साडेबारा, मग सांगणंच बंद केलं. एका जोडप्याचं पुढचं विमान चुकलं, ते काउंटरवरच्या मुलीशी भांडून दमलं. एक गृहस्थ म्हणाले, "बैलगाडीनं निघालो असतो तर हिंगोली आली असती." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तेवढ्यात तिसऱ्या रांगेत मला अव्वा दिसल्या.

हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी. एकट्याच. मला वाटलं सोबत कुणीतरी असेल. मी वर्तमानपत्र उघडलं आणि पाच तास ते मिटलं नाही. त्यांनी भाकरी सोडली, शेंगाची चटणी काढली, शेजारच्या बाईला दिली. एकदा बाथरूमकडे जाऊन आल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "आगं, इथं नळाला पाणी हाय! मी पाय बी धुवून घेतले." संबंध रांगेला ऐकू गेलं. उदगीरच्या पाण्यावर मी इतकी भाषणं केली, पण त्या एका वाक्याइतकं खरं मला कधी बोलता आलं नाही, असं त्या क्षणी वाटलं होतं. वाटलं आणि मी पान उलटलं.

त्यांचं विमान का चुकलं ते मला नीट ठाऊक नाही. मी आधीच आत गेलो होतो.

संमेलनाचंही सांगतो. संध्याकाळी सातला पोचलो तेव्हा चौकटी लावण्याची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून जागा मागितली, तर परीक्षणाबाहेर, बोळकांडीत, पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ लावायची परवानगी मिळाली. लोक पाणी प्यायला यायचे आणि ओले हात चौकटीच्या कापडाला पुसायचे. एकाने कोऱ्या पानावर बोट ठेवून विचारलं, "भाईसाहब, ये पन्ना लगाना भूल गए?" मी त्याला उदगीरचा सगळा इतिहास सांगितला. तो अर्ध्यातच निघून गेला.

तो शुक्रवार होता. तुझ्या घरी त्याच वेळी लिंगधारणा चालली असणार. तिथून तुझं घर पाऊण तासावर आहे हे मी नकाशात पाहिलं होतं. आलो नाही.

रेवणप्पा


उदगीर
२० फेब्रुवारी २०१९

विरूपाक्ष,

तुझं उत्तर नाही. नसणारच.

काल मन्मथ मोंढ्यात माझ्या आडतीवर आला होता. अव्वांना लातूरला दाखवून आणलं म्हणाला. डॉक्टर भला माणूस. नेहमीचे प्रश्न विचारले, वार कोणता, महिना कोणता, शंभरातून सात वजा करा. अव्वांनी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आजी, तुमचा जिल्हा कोणता?"

"बीदर," अव्वा म्हणाल्या.

"आठवून सांगा. घाई नाही."

"आठवायचं काय त्यात? लगीन होऊन आले तवा बीदरच होता. मंग तुमी लोकांनी लई बदलला. आता म्हणं रेवण्या आनखी एक बदलणार हाय."

मन्मथ हे सांगताना हसत होता. डॉक्टर हसले नाहीत, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. विमानतळावर गावातला माणूस दिसतो हे मन्मथने आधीच सांगितलं होतं, त्याच्या खाली हे लिहिलं गेलं. आता दोन गोळ्या चालू आहेत. गोळी घेतली की दुपारभर झोपतात. मन्मथ म्हणाला, "अण्णा, तुमचं नाव घेणं बंद झालंय बघा. औषधाला गुण हाय."

मी दुकान तसंच सोडून घरी आलो. मागच्या पत्रात मी आणखी एक खोटं लिहिलं आहे. मी आधी आत गेलो नव्हतो.

दोननंतर एकदम धावपळ झाली. विमान उतरलं, लगेच परत निघणार, सगळ्यांनी तपासणीला चला म्हणाले. पुरुषांची एक रांग, बायकांची शेजारी एक. मध्ये फक्त पट्ट्याचा दोर. मी पुढे, अव्वा माझ्याहून दोन पावलं मागे, दोराच्या पलीकडे. मफलर काढायला लावला तेव्हा माझं तोंड उघडं पडलं.

माझ्या अंगावरून यंत्र फिरलं आणि छातीपाशी वाजलं. लिंगाची चांदीची डबी. जवान म्हणाला, "ये क्या है? निकालिए." तुला सांगायला नको, आपण ती जन्मल्यापासून गळ्यात घालतो, अंघोळीला नाही, आजारात नाही, मेल्यावरसुद्धा तिच्यासकट पुरलं जातो. मी यावर भाषणं केली आहेत. 'लिंग आणि अंग वेगळं करणारा अजून जन्मायचाय,' या वाक्याला टाळी हमखास असते. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की हा आमचा देव आहे, अंगावरून उतरवत नाहीत, हाताने तपासा. हिंदी मला अव्वांसारखी अडत नाही. पण बोललो असतो तर आवाज चढला असता. माझा आवाज चढला की माणसं वळून बघतात, कुणीतरी मोबाइल काढतं. आणि त्याच घटकेला उदगीरच्या चौकात तोच आवाज कर्ण्यावर वाजत होता.

मी दोरा डोक्यावरून काढला. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, बूट आणि पट्ट्याच्या शेजारी ठेवला. तीन सेकंद लागले असतील.

मग अव्वांच्या अंगावर यंत्र वाजलं. बाई जवान तरुण होती, नम्रपणे बोलत होती. "माताजी, ये निकालकर ट्रे में रखिए." अव्वांनी डबी मुठीत धरली. "हे न्हाई निघत, माय. हे मेल्यावर बी न्हाई निघत." तिला भाषा कळेना. अव्वा कानडीत बोलल्या, मग पुन्हा मराठीत. मागच्या बाया कुरकुरू लागल्या. आणि त्या मुलीने, काही वाईट मनात न आणता, माझ्याकडे बोट केलं.

"देखिए माताजी, उन अंकल का भी ऐसा ही है। उन्होंने तो निकाल दिया।"

अव्वांनी पाहिलं. आधी ट्रेकडे, मग माझ्याकडे. ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तुझ्या स्वयंपाकघरात दहा वर्षं जेवलेला माणूस मी. त्यांना राग आला नव्हता. त्यांना बरं वाटलं होतं, विरूपाक्ष. आपलं माणूस भेटलं म्हणून. त्या म्हणाल्या, "रेवण्या! बरं झालं बाबा. सांग की रे हिला."

मी ट्रे उचलला. बूट हातात घेतले. आणि त्या पोरीकडे पाहून, दारातल्या अनोळखी माणसाला सांगतात तसं म्हणालो, "मैं नहीं जानता."

पुढचं मी काचेतून पाहिलं. त्या बाजूला उभ्या राहिल्या, मूठ सोडली नाही. वरिष्ठ येईपर्यंत वीस मिनिटं गेली, हे नंतर अव्वांच्याच सांगण्यातून गल्लीत कळलं. तो आला, हात जोडले, अंगावरच डबी तपासून दोन मिनिटांत त्यांना सोडलं. नियमात ते बसत होतंच. सांगणारं तोंड पाहिजे होतं. पण तोवर विमानाचं दार लागलं होतं. त्यांची जागा माझ्या पुढच्याच रांगेत होती. ती रिकामी घेऊन आम्ही दिल्लीला गेलो.

साडेतीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या सभेत मी तुझं नाव घेतलं होतं. 'दिल्लीच्या नळाखाली बसलेले आपले विरूपाक्षराव, गाव तहानलेलं असताना पळून गेलेले.' अव्वा पहिल्या रांगेत होत्या आणि सगळे हसले होते. पळून जाण्याबद्दल मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

आता तुला सगळं माहीत आहे. डॉक्टरांना फोन कर. गोळ्या थांबव.

रेवणप्पा


उदगीर
४ मार्च २०१९

विरूपाक्ष,

फोनवर तू दोनच वाक्यं बोललास. 'मला सांगून काय उपयोग? गावाने तिला वेडी ठरवलंय, गावाला सांग.' बरोबर होतं. सांगितलं. काय झालं ते ऐक.

परवा शनिवारी चौकात सभा होती. मी माइक घेतला आणि म्हणालो, आज जिल्ह्यावर बोलणार नाही, माझ्यावर बोलणार आहे. मग सगळं सांगितलं. रेकॉर्ड केलेला आवाज, मफलर, ट्रे, 'मैं नहीं जानता'. बोलताना माझा गळा दाटला. पण मला हेही कळत होतं की गळा कुठे दाटला, थांबायचं किती, कोणत्या शब्दावर आवाज खाली आणायचा. चाळीस वर्षांची सवय आहे, ती माझं ऐकत नाही. मी थांबलो. आणि मग टाळ्या. उभं राहून. शेषेरावने डोळे पुसत हार घातला. "एवढं मोठं मन कुणाचं असतं का, सांगा!" तो माइकवरच म्हणाला. "म्हातारीला कुणी वेडी म्हणू नये म्हणून आपल्या अण्णांनी सगळं स्वतःवर घेतलं!"

मी ओरडलो की हे खरं आहे, मी खरंच होतो. आणखी टाळ्या पडल्या.

घरी आलो तर उमादेवी दारात. "ऐकलं मी कर्ण्यावर. लई चांगलं बोललाव." एवढंच म्हणाली. तिचा हा शब्द मला आयुष्यात कुणाची शिवी लागली नसेल इतका लागला.

काल अव्वांकडे गेलो. साडेतीन वर्षांनी तुमचा उंबरा ओलांडला. सामान बांधलेलं आहे, भांडी पोत्यात घातलेली. त्या खाटेवर बसून होत्या. गोळ्या बंद झाल्यात, पण चेहऱ्यावर सुस्ती आहे.

"ये बाबा," म्हणाल्या. "चा घेणार का? दूध न्हाई. काळा घे."

मी खाली बसलो. म्हणालो, "अव्वा, नांदेडला मीच होतो."

"न्हाई रे. तू नव्हतास."

"होतो अव्वा. तुम्ही मला हाक मारलीत."

"मला भास झाला. डॉक्टरनं लिवलंय. मन्मथ बी म्हणला, रेवण्या त्या दिवशी मोर्चात बोलत होता, हजार माणसांनी ऐकलं." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू सभेत बोललास म्हणं माझ्यापायी. गल्लीतल्या बाया सांगून गेल्या. कशाला रे गावाम्होरं असं वंगाळ घेतलास अंगावर? मी जाते की दिल्लीला. तिथं नळाला पाणी तरी असंल."

मी खिशातून विमानाचा पास काढला. नाव, तारीख, सगळं. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि परत दिला. "कागद काय, तुमच्या चळवळीवाल्यांकडं लई कागद असत्यात. तू आसं करशील व्हय? मी तुला वळखत न्हाई का?"

मी कसा आहे हे ज्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, ती बाई आता माझ्या बाजूने स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देते आहे. मी पास खिशात ठेवला आणि उठलो. बोललो असतो तर भाषण झालं असतं.

म्हणून आज सकाळी त्यांना एक पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन हातात दिलं. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या, ठळक अक्षर असलं की वाचतात. कुणाला वाचून दाखवू दिलं नाही. त्याची नक्कल खाली देतो, कारण तुझ्यापासून आता काही वेगळं ठेवायचं नाही.

रेवणप्पा


अव्वा,

हे मी बोलत नाही, लिहितो आहे. हळूहळू वाचा.

गावाला मी जे सांगितलं ते तुम्ही आधीपासून सांगतच होता. ते ऐकूनच मी बोललो असं वाटतं, म्हणून त्यावर तुमचा विश्वास बसत नाही. आता तुम्ही कुणालाच सांगितल्या नाहीत, अशा गोष्टी लिहितो.

नांदेडला तुमच्या डाव्या पायातली चप्पल तुटली होती. तुम्ही ती लुगड्याच्या काठाच्या दोऱ्याने बांधली.

शेजारच्या बाईने विचारलं, पिशवीत काय आहे. तुम्ही म्हणालात, पणतूचा देव आहे. मग पिशवी पदराखाली घेतली.

तुम्हाला बाजूला उभं केलं तेव्हा त्या बाई जवानाने खुर्ची आणली. तुम्ही बसला नाहीत. भिंतीकडे तोंड केलंत, डबी उघडून दोन्ही डोळ्यांना लावली, परत बंद केली. मग पिशवीतला लाडू काढून त्या पोरीला दिलात. ती आधी नको म्हणाली, मग तिने घेतला.

विमान निघालं तेव्हा तुम्ही काचेपाशी आलात आणि हात हलवलात. विमानात कोण होतं तुमचं? मीच होतो.

हे मी काचेच्या या बाजूने आणि खिडकीतून पाहिलं. जो तिथे नव्हता त्याला हे कुठून कळेल?

तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. तुमचे डोळे नीट आहेत. बीदर म्हणालात तेही चुकलं नाही, मी ते शिक्के जपून ठेवले आहेत. चुकला तो मी.

दिल्लीला जायचं असेल तर पणतूसाठी जा. वेडी ठरलात म्हणून जाऊ नका.

बुधवारी मन्मथची जीप लातूरला जाते. मी तुमच्याबरोबर येतो. डॉक्टरांसमोर तुम्ही पहिल्यापासून सगळं सांगा, माझं नाव घेऊन सांगा, ट्रेचं सांगा. मी शेजारी बसेन. काही बोलणार नाही. तुम्ही थांबलात की डॉक्टर माझ्याकडे बघतील, तेव्हा फक्त हो म्हणेन.

रेवण्या